मृगाचा पाऊस आणि ईमान

‘मृगाचा पाऊस पडला’ असं परभणीकडचा मुसलमान शेतकरी सहज बोलून जातो. त्यावर एका तरुण मौलवीसाहेबांनी हरकत घेतली होती. हरकत निराधार नव्हे. हुदैबियाच्या मुक्कामात रात्री पाऊस झाला. तो ताऱ्यामुळे पडला असं म्हणणाऱ्याचं ईमान ताऱ्यावर, अशा आशयाची हदीस बुखारीत आहे. पण इमाम शाफईंनी यात फरक केला. ताऱ्यानं पाऊस पाडला म्हणणं वेगळं, ताऱ्याच्या वेळेला पडला म्हणणं वेगळं. आमचा शेतकरी वेळच सांगत असतो. हिजरी वर्ष ३५४-५५ दिवसांचं. रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. त्यावर पेरणी कशी ठरावी? म्हणून तर दख्खनच्या सुलतानांच्या कागदांतलं शुहूर सन मृगाला सुरू होई, आकडे मात्र अरबी. मराठ्यांनीही ते चालवलं.

शब्दांचा वाद एवढ्यावर मिटतो. खरा पेच पुढे आहे. सूरह लुकमानचा शेवट सांगतो की पाऊस अल्लाह पाठवतो आणि उद्याची कमाई कुणालाच ठाऊक नसते. त्याच कुरआनात वाऱ्याला पावसाआधीची शुभवार्ता म्हटलं आहे. वार्ता पाठवली असेल तर ती वाचणं आलंच. कोकणातले दालदी मच्छीमार ती होडीसाठी वाचत आले, आमच्याकडे ती तिफणीसाठी वाचली जाते. माझे आजोबा वारा शिकले ते खळ्यावर. तिवईवर उभं राहून ज्वारी उपणताना भुसा कुठं उडतो, वारा कधी पडतो, हे अंगानंच कळायचं. आता मळणीयंत्र आलं, त्या तिवईवर कुणी चढत नाही.

एका जूनमध्ये आजोबा पाराजवळ म्हणाले, “वारं बरं आहे.” एवढंच. शेजाऱ्यानं दुसऱ्या दिवशी पेरलं. पहिल्या सरीवर उगवलेलं पुढच्या उघडिपीत करपलं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीनं आणायचं म्हणजे काय, हे मराठवाड्यात समजावून सांगायला नको. परभणीचं कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं. पण मृग कोरडा सरताना हात आवरणं कठीण.

आजोबांनी खोटं सांगितलं नव्हतं. गैबचा दावाही केला नव्हता. मग दोष कुणाचा? मला वाटतं, जाणत्याच्या शब्दाला त्याच्या मनातल्यापेक्षा जास्त वजन असतं, आणि ते वजन त्याला माहीत असतं. ‘इन्शाअल्लाह’ हा शब्द त्यासाठीच आहे, पण आपण तो हल्ली सुटका करून घ्यायला वापरतो.

आजोबा घरातली बियाण्याची पिशवी खांद्यावर टाकून शेजाऱ्याकडे गेले. तो हात जोडून म्हणाला, “चाचा, तुम्ही कुठं पेर म्हणाला होता?”

आजोबांनी पिशवी त्याच्या ओसरीवर ठेवली आणि असरच्या नमाजला निघून गेले.