गच्चीवरील मनोरा आणि शेजारधर्म

जें अनिष्ट म्हणून सिद्ध झालें तें टाळावें, हें सांगण्यास नीतिशास्त्राची गरज नाहीं. खरी अडचण उत्पन्न होते ती अनिष्टाची केवळ शंका असते तेव्हां. त्या शंकेचा भार कोणीं वाहावा? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या आमच्या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हा प्रश्न मोबाईलच्या मनोऱ्याच्या रूपानें उभा राहतो. गच्ची भाड्यानें दिली तर देखभालीच्या वर्गणीचा बोजा हलका होतो, वरच्या मजल्यावरील गृहस्थ मात्र म्हणतात, "लाभ सर्वांचा आणि किरण आमच्या डोक्यावर!"

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पवईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक गिरीश कुमार यांनीं डिसेंबर २०१० मध्यें दूरसंचार विभागास अहवाल सादर करून मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाविषयीं इशारा दिला. मे २०११ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें या लहरींस 'कदाचित् कर्करोगकारक' या वर्गांत घातलें. सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींपुरतें बोलावयाचें तर दर चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजीं ०.४५ वॅट. उलटपक्षीं, त्याच जागतिक संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या व २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ६३ अभ्यासांच्या परीक्षणांत मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाहीं. तेव्हां भयभीत होण्याचें कारण दिसत नाहीं. परंतु ज्याच्या मनांत शंका उरली आहे त्यास मूर्ख ठरविण्याचाही अधिकार कोणास पोंचत नाहीं.

आतां या लहरींची एक गंमत पाहण्यासारखी आहे. मनोऱ्यावरील अँटेना आपला झोत किंचित् खालीं झुकवून बहुतांशीं आडवाच फेंकते. दिव्याखालीं अंधार ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. ज्या इमारतीच्या गच्चीवर मनोरा, तिच्यांतील रहिवाशांपेक्षां समोरच्या इमारतीच्या तेवढ्याच उंचीवरील खिडकीला तो झोत अधिक लागतो. म्हणजे भाडें एका संस्थेस व झोत दुसरीस! आणि ठराव होतो तो पहिलीच्या सभेंत. दुसरीस कोणी विचारीतही नाहीं. आमच्या मतें अन्याय आहे तो येथें. धोका अत्यल्प असेल, कदाचित् नसेलही. परंतु दुसऱ्याच्या घरांतील अत्यल्प धोक्यास त्याच्या वतीनें संमति देण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

तथापि विरोध करणाऱ्यांचीही झडती घेतली पाहिजे. मनोरा कांहीं मीटर दूर असतो, मोबाईल कानाला चिकटलेला असतो. आणि अंतर दुप्पट झालें कीं लहरींची तीव्रता चौथाईवर येते. शिवाय मनोरा दूर असला तर त्याच्यापर्यंत पोंचण्यासाठीं आपला मोबाईलच अधिक जोरानें लहरी सोडतो. घरांत रेंज तर भरपूर हवी, मनोरा मात्र पलीकडच्या गल्लींत हवा, ही वृत्ति 'शिवाजी जन्मावा, पण शेजाऱ्याच्या घरीं' या जातीची आहे. लाभ आपण घ्यावा आणि शंका शेजाऱ्याकडे ढकलावी, हा दोष गच्ची देणाऱ्याचा तसाच तिला विरोध करणाऱ्याचाही होऊं शकतो.

मग करावें काय? ज्यास लाभ, त्यानेंच शंकानिरसनाचा खर्च सोसावा, हा नियम आम्हांस न्याय्य वाटतो. २०१७ मध्यें 'तरंग संचार' हें सरकारी संकेतस्थळ सुरू झालें तें मनोऱ्यांची माहिती मिळावी व शुल्क भरून किरणोत्सर्ग मोजून घेतां यावा म्हणून. गच्ची देणाऱ्या संस्थेनें हें शुल्क भाड्याच्या रकमेंतून भरावें, मोजणी समोरच्या घरांतही करवावी, आणि आलेला आंकडा दोन्ही इमारतींच्या फलकांवर लावावा. व्यक्तीनें आपल्यापुरतें लांबलेलें संभाषण आटोपतें घ्यावें, मोबाईल कानापासून दूर धरावा, मुलांच्या उशाशीं ठेवूं नये. यांत खर्च कांहींच नाहीं. विज्ञान आपलें काम करीत राहील. तें पुरें होईपर्यंत शेजाऱ्यास विचारणें एवढें तरी आपल्या हातीं आहे.