ग्रहण, कॅमेरा आणि नमाजची सफ



2 ऑगस्ट 2027 रोजी, इन्शाअल्लाह, खग्रास सूर्यग्रहणाची छाया स्पेन, उत्तर आफ्रिका व इजिप्त ओलांडून अरबस्तानात पोहोचेल. पवित्र मक्का शहर तिच्या मार्गात आहे. तेथे दुपारी, जुहरनंतर, सुमारे पाच मिनिटे सूर्य पूर्ण झाकला जाईल. त्या सुमारास उमराहला जाऊ इच्छिणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "मौलाना, हॉटेलच्या गच्चीवरून फोटो घेण्याचे ठरवले आहे. काही हरकत आहे का?"

सूर्याचे वा आकाशाचे चित्र घेण्यास शरीअतची मनाई नाही. पूर्वतयारीही चांगलीच. भिंगावर सौर फिल्टर हवा. सूर्य पूर्ण झाकल्यावरच तो काढायचा आणि प्रकाशाची पहिली कड दिसण्याच्या बेतात पुन्हा लावायचा. डोळ्यांनाही हेच बंधन आहे, कारण दृष्टी ही अल्लाहची अमानत आहे. मात्र या धांदलीत पाच मिनिटे सरतात, आणि खाली हरममध्ये त्याच वेळी नमाजची सफ उभी असेल, तर आपण कुठे असावे?

मदीनेतील एक दिवस आठवा. हिजरी सन 10 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र हजरत इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पित्याचे दुःख ताजे होते आणि लोकांच्या बोलण्यात सन्मानच होता. तरीही प्रेषितांनी (स.) तो स्वीकारला नाही. सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्ममृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी बजावले आणि ग्रहण सुटेपर्यंत नमाज व दुआ करण्यास सांगितले. ते स्वतः चादर ओढत घाईने मशिदीत गेले होते. त्या नमाजचा कियाम इतका दीर्घ होता की हजरत अस्मा (रजि.) यांना भोवळ येऊ लागली.

ज्यांनी आपल्या लाडक्या पुत्राचे नावही सूर्याशी जोडू दिले नाही, त्यांचे आपण उम्मती. मग 'मी तेथे होतो' हे जगाला दाखवण्यासाठी त्या निशाणीला आपल्या नावाची चौकट का घालावी?

ग्रहणाची नमाज सुन्नत आहे; तिला अजान नाही, इकामतही नाही. हनफी पद्धतीत प्रत्येक रकअतीत एक रुकू, तर कोकणातील आपल्या शाफई बांधवांकडे दोन. मक्केत खंडग्रास अवस्था धरून ग्रहण दोन तासांहून अधिक चालेल. त्या तरुणाला मी म्हणालो, "आरंभीचे फोटो खुशाल घे. अंधार दाटू लागला की कॅमेरा पिशवीत ठेव आणि सफेत जा. काळ्या सूर्याची छायाचित्रे इतरांकडूनही मिळतील. तुझा सजदा मात्र तुलाच करावा लागेल."

अल्लाह आपल्याला निशाणी पाहणारे डोळे आणि तिच्यापुढे नमणारे हृदय देवो. आमीन.