‘का नाही’चा रकाना

रत्नागिरीत भाट्याच्या पुलाच्या अलीकडे, राजिवड्याच्या अंगाला, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दिव्याच्या खांबाखाली एक गृहस्थ उभे असतात. गळ्यात पंचा, पायात मुलाने मुंबईहून आणलेले भडक निळे बूट. एसटीत एकतीस वर्षं वाहक म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर धावायला लागले. ‘सव्वापाच’ ते कधी म्हणत नाहीत, ‘पाच दहा’ म्हणतात. गाडी सुटायची वेळ सांगावी तसं. मी त्यांना काका म्हणतो. जानेवारीत होणाऱ्या आपल्या कोकण कोस्टल मॅरेथॉनमध्ये अर्ध मॅरेथॉन धावायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय. म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. त्या साडेसत्त्याण्णव मीटरचा काकांना राग आहे. ‘एवढे सुट्टे कुणी मागितलेत?’ म्हणतात.

सुरुवात आम्ही जूनच्या शेवटी केली, म्हणजे नको त्या वेळी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, पळण्याचा नेम धरणं हा थोडा आचरटपणाच. बूट वाळत नाहीत. रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, सकाळी ओले बोळे काढून टाकायचे. (या स्तंभाचा इतका थेट उपयोग मला पूर्वी कधी सापडला नव्हता.) जांभ्याच्या गडग्यांवरचं शेवाळ रस्त्याच्या कडेपर्यंत उतरलेलं, म्हणून मधून पळावं, तर अंगावर चिखल उडवत जाणारे ट्रक. पाऊस संपला म्हणून हुश्श करावं तर ऑक्टोबरचा उकाडा. सकाळी साडेपाचला दुसऱ्या किलोमीटरलाच सदरा पिळून काढण्याजोगा.

उत्साह जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच संपला. ‘मोटिव्हेशन’ हा शब्द सभागृहात पंख्याखाली बसून ऐकायला बरा वाटतो. पावणेपाचला पत्र्यावर पाऊस वाजत असताना, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं असताना तो घरात कुठेच नसतो. मला उठवायची ती एक अगदी साधी अडचण. काका धावायला येताना मोबाइल घरी ठेवतात. ते पावणेपाचला घराबाहेर पडले की ‘आज जमत नाही’ असं कळवायची सोय उरत नाही. आपण गेलो नाही तर एक पासष्टीचा माणूस पावसात खांबाखाली उभा राहणार आणि पाच वाजून वीस मिनिटांनी एकटाच पुलावर चालू लागणार. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की शिव्या घालत का होईना, पाय जमिनीवर टेकत.

याला स्वयंशिस्त म्हणायचं का, असा प्रश्न मला बरेच दिवस होता. दुसऱ्याच्या भिडेनं उठणं ही काही फार उंच गोष्ट वाटत नाही. पण महर्षी कर्वे आठवले की जरा धीर येतो. आपल्या जिल्ह्यातलाच माणूस, दापोलीजवळच्या मुरुडचा. शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले, चार दिवस. तिथे पोचल्यावर वयानं लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. मला तिच्यापेक्षा पुढची, कमी सांगितली जाणारी चाल मोठी वाटते. १९०० साली त्यांचा अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, झोपडीत. कर्वे तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. कॉलेज सुटलं की ते आश्रमासाठी लागणारं सामान घेऊन हिंगण्याला चालत जात आणि पुन्हा कॉलेजच्या वेळेला पुण्यात हजर. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल. साताऱ्याची चाल एकदाची होती, ती उमेदीवर भागते. रोजच्या हिंगण्याला उमेद पुरत नाही. त्या झोपडीत माणसं वाट बघत होती, आणि त्यांना निरोप धाडायची सोय नव्हती.

असो. काकांच्या वहीबद्दल सांगायचं होतं.

दोनशे पानी वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवलेली असते. पळून आलो की काका पंच्याला हात पुसतात, पिशवीची गाठ सोडतात आणि लिहितात. त्यांची नोंद निळ्या शाईत, माझी लाल. बॉलपेननं आखलेले तीन रकाने: तारीख, अंतर, का नाही. पहिले दोन कुणाच्याही वहीत असतात. तिसरा काकांचा. ठरलेलं अंतर झालं नाही तर तिथे कारण लिहायचं, आणि खरं लिहायचं. मी एकदा मागची पानं चाळली. ‘शून्य. वीज कडाडत होती.’ ‘शून्य. लांज्याला लग्न, रात्री उशीर.’ ‘४. नारळी पौर्णिमा, पुढे गर्दी.’ ‘शून्य. मोदक.’ आणि ऑगस्टमधल्या एका कोरड्या, धावायला अगदी झकास अशा सकाळपुढे, वळणदार अक्षरात: ‘शून्य. आळस.’

मी हसलो तर म्हणाले, ‘हसतोस काय? वे-बिल असंच असतं.’ मग त्यांनी मला वे-बिल समजावून सांगितलं. कुठल्या टप्प्याला तिकिटाचा कुठला नंबर होता ते जागच्या जागी मांडायचं, डेपोत आल्यावर तिकिटं आणि रोकड जुळवून द्यायची. ‘कमी आले तर खिशातून भरायचे. जास्त आले तर समजायचं, कुणाचे तरी सुट्टे आपल्याकडे राहिले.’ त्या दुसऱ्या वाक्यावर मी पुलावर दोन दिवस विचार करत होतो. जास्त आलेले पैसेही त्यांना चूकच वाटत आले होते.

माझ्याकडे वही नाही, फोन आहे. फोन नकाशा काढतो, दर किलोमीटरचा वेग सांगतो, छातीचे ठोके मोजतो, आणि ओळखीपाळखीचे लोक अंगठे वर करतात. आळस लिहायला त्यात जागा नाही. न धावलेला दिवस त्यात दिसतच नाही, पाण्यात खडा बुडावा तसा जातो. आणि या अंगठ्यांची चटक किती लागू शकते? २०२४ साली इंडोनेशियात काही तरुणांनी पैसे घेऊन धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपवर दुसऱ्याच्या खात्यावर धावायचा धंदाच सुरू केला. त्यांना ‘जोकी’ म्हणत. आपण घरी बसायचं, जोकीनं घाम गाळायचा, आणि आपल्या नावावर दहा किलोमीटर पडायचे. बातमी वाचून मी काकांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे तिकीट ह्याचं, आणि प्रवास त्याचा?’

जुनी उदाहरणंही कमी नाहीत. १९८० च्या एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनला रोझी रुईझ नावाची बाई बायकांत पहिली आली, दोन तास एकतीस मिनिटांत. चेहऱ्यावर फारसा घाम नाही, आणि वाटेत तिला पाहिलेलं कुणी सापडेना. शेवटच्या टप्प्यात ती गर्दीतून शर्यतीत घुसली होती असं निष्पन्न झालं आणि आठ दिवसांत तिचं पहिलेपण काढून घेऊन कॅनडाच्या जॅकलीन गारोला दिलं. आता बुटाला किंवा छातीवरच्या क्रमांकाला चिप असते, वाटेत जागोजाग तिची नोंद होते, त्यामुळे असं करणं अवघड झालंय. पण रोझीबाई २०१९ मध्ये वारली तोवर ‘मी धावले होते’ असंच म्हणत राहिली. जवळजवळ चाळीस वर्षं! बेचाळीस किलोमीटर धावणं त्या मानानं सोपं गेलं असतं, असं मला वाटून जातं.

याच्या उलट टोकाला मला बेळगावचे फडेप्पा चौगुले दिसतात. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून जे मोजके खेळाडू गेले, त्यांत मॅरेथॉनला दोघे होते, चौगुले आणि सदाशिव दातार. दोराबजी टाटांच्या खटपटीतून आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानातून ही मंडळी निवडली गेली. अंतर तेव्हा अजून पक्कं ठरलं नव्हतं, त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर होतं, म्हणजे आजच्यापेक्षा पाचशेहून जास्त मीटर जादा. (काकांना हे सांगितलेलं नाही.) चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. दातारांची शर्यत पुरी झाली नाही. पण निकालाच्या यादीत त्यांचं नाव आजही आहे, तळाशी, पूर्ण न करणाऱ्यांत. शंभर वर्षं झाली तरी ‘उतरला होता, पुरं झालं नाही’ एवढं जपून ठेवणारा तो कागद मला काकांच्या वहीचा थोरला भाऊ वाटतो.

इथवर लिहून थांबता आलं असतं. पण मग हा लेखही ‘जास्त आलेल्या पैशां’सारखा झाला असता. म्हणून कोजागिरीनंतरच्या रविवारचं सांगतो.

रविवारी लांबचं धावणं असतं. आधीच्या रविवारी आम्ही चौदा केले होते, त्या दिवशी सोळा करायचे होते: पूल ओलांडून पावसच्या रस्त्यानं आठ जायचं, आठ यायचं. काका गावाला गेलेले. मी एकटा निघालो. सुरूच्या बनाजवळून झरी विनायकाला हात जोडले, पुढचा चढ चढलो, फणसोपच्या पुढे कुठेसं एका टपरीवर भज्यांचा घाणा नुकताच पडत होता. बसलो. चहा झाला, दुसरा झाला. आणि तिथूनच परत फिरलो. फोननं अकरा दाखवले.

सोमवारी काकांनी वही उघडली. ‘काल किती? सोळा लिहू काय?’

मी ‘हो’ म्हटलं. ठरवून नव्हे. त्यांनी आकडा आधीच उच्चारला होता, आणि त्यांच्या आवाजात इतका भरवसा होता की त्यातून पाच वजा करायला जीभ वळली नाही. लाल शाईत १६ पडले. फोनशी मला खोटं बोलावं लागलं नव्हतं, कारण माझ्याकडून फोनची काही अपेक्षा नव्हती. आपण खोटं बोलतो ते बहुतेक वेळा ज्यांच्या नजरेत उतरायचं नसतं त्यांच्याशीच. पोरं गुण लपवतात तीही घरच्यांपासून, रस्त्यावरच्या माणसापासून नाही. म्हणजे जो खांबाखाली उभा राहतो म्हणून मी उठत होतो, त्याच्या उभं राहण्यानंच मला हे खोटंही बोलायला लावलं होतं. असा युक्तिवाद मी दोन दिवस स्वतःशी करून पाहिला. त्यात दोष शेवटी काकांवरच जातो हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पुढच्या रविवारी त्यांनी अठरा ठरवले. हिशेब बरोबर होता: चौदा, सोळा, अठरा. माझ्या पायांच्या हिशेबात मात्र चौदा, अकरा, अठरा. परतीच्या वाटेवर तेराव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला गडग्यावर बसलो. काकांनी खाली बसून पोटरी चोळली. मागून रत्नागिरीकडे जाणारी एसटी आली, चालकानं काकांना ओळखून गाडी हळू केली. ‘तू चढ,’ काका म्हणाले. मी नको म्हटलं. ‘मग मी पण नाही,’ असं म्हणून त्यांनी हात हलवून गाडी पुढे घालवली. पाच किलोमीटर आम्ही चालत आलो. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, भाट्याच्या खाडीत होड्या लागलेल्या, आणि काका सबंध वाटेत स्वतःलाच बोल लावत होते. टपरीवर त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं: ‘१३. पोटरी.’ आणि खाली, निळ्या शाईत: ‘चूक माझी. वाढ घाईनं केली.’

ते वाक्य मी चार दिवस पाहत होतो. वहीत नव्हे, वही टपरीवर होती. घरी, कपाळावर हात ठेवून.

पाचव्या दिवशी लंगडत टपरीवर गेलो आणि सांगितलं. भजी, दोन चहा, अकरा किलोमीटर, सगळं. काका काही बोलले नाहीत. चष्मा लावला, पानं मागे उलटली. सोळावर एक सरळ रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी. वर ११ लिहिलं. मग पुढचं पान काढून ‘चूक माझी’वर रेघ मारायला गेले आणि थांबले, ती ओळ तशीच ठेवली. पुन्हा मागे आले. पेन तिसऱ्या रकान्यावर टेकवून विचारलं, ‘इथे काय लिहू?’

‘आळस लिहा.’

त्यांनी लिहिलं नाही. चहावाल्यानं दोन ग्लास ठेवले, साय धरेपर्यंत ते तसेच राहिले.

‘आळसानं अकरा झाले रे,’ काका म्हणाले. ‘सोळा कशानं झाले?’