दुधाशिवाय आस्कंद

आळेफाटा सोडून कल्याण-नगर रस्त्याने पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात आणे घाट लागतो. घाट फार मोठा नाही, पण तो चढून वर आलं की जुन्नर तालुका एकदम वेगळा दिसू लागतो. नाणेघाट-माळशेजच्या बाजूला पावसाळ्यात छत्री टिकत नाही, तर त्याच तालुक्याच्या या टोकाला आणे, नळावणे, पेमदरा, शिंदेवाडी या गावांत आषाढातही लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगावातलं डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं काही परमुलखात नाहीत. पण कालव्याचं पाणी उताराने जातं आणि पठार चढावर आहे. ते पाणी उपसून वर आणावं ही मागणी जुनीच आहे. निवडणुकीच्या हंगामात ती तेवढी ताजी होते.

अशा कोरड्या मुलखात, मुरमाड गायरानावर, पडक्या भिंतीच्या आडोशाला नाहीतर उकिरड्याच्या कडेला आस्कंद उगवतो. शहरातल्या डबीवर ज्याला अश्वगंधा म्हणतात, तोच हा. झाड दिसायला अगदीच सामान्य, फार तर कमरेइतकं वाढणारं. पानं आणि देठ राखाडी लवेने मळकटलेले. फूल हिरवट-पिवळं आणि इतकं बारीक की खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. फळ वाटाण्याएवढं, कागदासारख्या पातळ वेष्टनात दडलेलं, पिकलं की शेंदरी-लाल. मुळी उपटून मोडली तर तबेल्यात शिरल्यासारखा उग्र दर्प येतो. वांगं, मिरची, तंबाखू, धोतरा आणि नारायणगावच्या बाजाराला नाव मिळवून देणारा टोमॅटो हे सगळे याच्याच कुळातले. भाजी, व्यसन, विष आणि औषध या चारही खात्यांत माणसं असलेलं हे कुळ आहे, त्यामुळे त्याच्याशी जरा जपूनच वागलेलं बरं.

मराठी घरात आस्कंदाची पहिली ओळख पाळण्यातच व्हायची. बाळगुटीच्या डब्यात हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम आणि त्यांच्या सोबतीला आस्कंदाची बोटभर मुळी. न्हाऊ घातल्यावर आजी सहाण पुढ्यात घ्यायची, आईच्या दुधाचे चार थेंब टाकायची आणि एकेक जिन्नस उगाळायची. ग्रॅम-मिलिग्रॅम कुणाला ठाऊक होते? माप होतं वेढ्यांचं. बाळाला शौचाला साफ होत नसेल तर हिरड्याचे वेढे वाढायचे आणि बाळ अंग धरत नसेल तर आस्कंदाचे. बालरोगतज्ज्ञ आज सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. सहाणेची स्वच्छता, मुळ्यांवरची बुरशी आणि बाजारातली भेसळ पाहता त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्या वेढ्यांमागची समजूत नीट पाहण्याजोगी आहे. सगळ्या बाळांना एकच गुटी नव्हती. समोरच्या बाळाकडे बघून, काल काय झालं ते आठवून आज हात किती फिरवायचा हे ठरायचं.

त्या सहाणेवर जुन्नर तालुक्याची दोन्ही टोकं एकत्र यायची. बाळहिरडा पश्चिमेच्या, पावसाच्या डोंगरांतला. जुन्नर-आंबेगावच्या त्या पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात कोवळी हिरडाफळं गोळा करून वाळवतात, आणि वर्षाच्या रोख कमाईत तो पैसा मोठा असतो. आस्कंद कोरड्या माळाचा. हिरड्याने कोठा साफ करायचा आणि आस्कंदाने अंग भरायचं, अशी ही वाटणी.

ग्रंथांचाही सूर हाच आहे. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय अशा दोन्ही गणांत येते, म्हणजे बळ देणाऱ्यांत आणि अंगावर मांस चढवणाऱ्यांत. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या रसायन-अध्यायात तिची कृती दिली आहे: पंधरा दिवस दुधाबरोबर, तुपाबरोबर, तेलाबरोबर किंवा कोमट पाण्याबरोबर घ्यावी. पुढे तो म्हणतो की कृश शरीराला यातून जी पुष्टी मिळते, ती कोवळ्या पिकाला पावसाने मिळावी तशी. अश्वगंधेवर आजवर झालेल्या लिखाणात इतकी नेमकी उपमा मी दुसरी वाचलेली नाही, आणि आण्याच्या पठारावर ती कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. पुढच्या काळात अश्वगंधाघृत आलं, अश्वगंधारिष्ट आलं, दुधात आटवलेला क्षीरपाक आला. सांधा सुजला की पानं गरम करून बांधायची, गाठीवर मुळीचा लेप घालायचा. पण मूळ रुग्ण कोण? वाळलेला, थकलेला, झोप उडालेला, आजारातून उठलेला, अंगाने खंगलेला माणूस. त्याला मुळी द्यायची ती दुधातुपासकट. खाण्यात भर घालणारं ते औषध होतं, खाण्याऐवजी घ्यायचं नव्हतं.

इथे परंपरेलाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याच्या घरी दूध-तूप होतं तो इतका खंगेल कशाला? चरकाने रसायनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक कुटीप्रावेशिक. त्यासाठी खास कुटी बांधायची, वारा-ऊन टाळून तिच्यात राहायचं आणि सेवकांकडून सेवा घ्यायची. दुसरा वातातपिक, म्हणजे वाऱ्या-उन्हात हिंडता-फिरता घ्यायचा. पहिल्यासाठी हाताशी पैसा, माणसं आणि सवड हवी, हे चरकाने लपवलेलं नाही. रसायन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऋषी आणि कुटी येतात, पण या पठारावरचा माणूस पिढ्यानपिढ्या वातातपिकच आहे. बाजरी खुडणारी बाई कुटीत शिरेल कधी? तिच्या वाट्याला रसायन आलं ते बाळंतपणातल्या सव्वा महिन्यात डिंकाच्या, अळिवाच्या लाडवांतून, आणि तेही घरची स्थिती असेल तसं. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या पुस्तकांनी वैद्याचं ज्ञान मराठी घरात आणलं. तूप मात्र पुस्तकातून घरात येत नाही.

आता याच मुळीला नवं बिरुद मिळालं आहे: ॲडॅप्टोजेन. ही कल्पना आयुर्वेदातून आलेली नाही, ती सोव्हिएत रशियातली. निकोलाय लाझारेव या विषशास्त्रज्ञाने १९४७ साली हा शब्द वापरला. शरीराची प्रतिकूलतेला तोंड देण्याची ताकद एकूणच वाढवणारं द्रव्य, असा त्याचा अर्थ. पुढे इस्राएल ब्रेखमन यांनी एल्युथेरोकॉकस या सायबेरियाकडच्या झुडपावर बरंच काम केलं, आणि १९६९ च्या त्यांच्या व दार्दिमोव यांच्या लेखाने ही संकल्पना जगभर गेली. तिथे नजरेपुढे होते खलाशी, सैनिक, खेळाडू, कामगार. थंडी सोसून, झोप मोडून, जास्त पाळ्या करून माणूस उभा राहिला पाहिजे. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २००८ साली स्पष्ट म्हटलं की हा शब्द औषधशास्त्राच्या परिभाषेत बसण्याइतका नेमका नाही. बाजाराने ते ऐकलं नाही. बाजाराला अशाच ऐसपैस शब्दांची गरज असते.

माझा आक्षेप शब्द कुठून आला याला नाही. वाग्भटाची अश्वगंधा खंगलेल्याला भरून काढण्यासाठी होती. डबीवरची अश्वगंधा थकलेल्याला पुन्हा कामाला जुंपण्यासाठी आहे. पहिलीत माणूस पंधरा दिवस दूध पितो. दुसरीत तो रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटतो, गोळी घेतो आणि सकाळी पुन्हा तेच सुरू करतो. मुळी तीच, पण सोबतचं सगळं गळून गेलं आहे. वैद्य ज्याला अनुपान म्हणतात, ते केवळ गोळी गिळायचं पाणी नसतं. कोणी, कोणत्या ऋतूत, किती दिवस, कशाबरोबर आणि काय बंद ठेवून घ्यायचं, हे सगळं त्याच्या जोडीने येतं. डबीवर त्यातलं फारसं काही उरलेलं नाही.

मुळीत काहीच नाही, असं मात्र नाही. विथाफेरीन-ए हे तिच्यातलं एक प्रमुख द्रव्य १९६० च्या दशकात इस्रायलमधल्या संशोधकांनी वेगळं केलं. त्या कुटुंबातल्या द्रव्यांना विथानोलाइड म्हणतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना ६० दिवस मुळीचा अर्क दिला, रोज ३०० मिलिग्रॅम दोनदा. त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं ८ टक्क्यांनी. नवी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये ६० निद्रानाशग्रस्तांवरची दहा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातही झोप लवकर लागली, बरी लागली. हे आकडे आशादायक आहेत. पण माणसं थोडी, मुदत आठ-दहा आठवड्यांची, आणि अशा बऱ्याच चाचण्यांत अर्क बनवणाऱ्यांचाच हात असतो. या बळावर वर्षानुवर्षं रोज घ्यायचा सल्ला देता येत नाही.

‘वनस्पतीच ती, तिने काय होणार?’ हे आपलं लाडकं वाक्यही इथे चालत नाही. आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० साली अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झालेले पाच रुग्ण नोंदवले. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना केली, कारण अंतर्गत वापरासाठी शास्त्राचा आधार आहे तो मुळीला. पानांत विथाफेरीन-ए जास्त, पानं स्वस्त, आणि टक्केवारी फुगवायला सोयीची. गरोदर बाईने, थायरॉइडची, मधुमेहाची किंवा झोपेची औषधं घेणाऱ्याने आणि यकृताचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. आजीचे दोन वेढे आणि अर्काची गोळी यांत मात्रेचं प्रचंड अंतर आहे, हेही आपण विसरतो.

आण्याला रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. मोठमोठ्या कढयांत आमटी रटरटते, पठारावरच्या घरांतून बाजरीच्या भाकऱ्या येतात आणि दूरदूरहून आलेली माणसं पंगतीला बसतात. बृंहण म्हणजे काय, ते या पंगतीत बसून जास्त कळतं. वाग्भटाच्या उपमेतला पाऊसही इथे खरोखरचा असतो. तो आला तर बाजरी, हुलगा, मटकी. नाही आला तर टँकर. खाली नारायणगावला टोमॅटो जुलै २०२३ सारख्या एखाद्या वर्षी सोन्याच्या भावाने जातो आणि दुसऱ्या वर्षी रस्त्याकडेला ओतला जातो. या ताणाने कॉर्टिसोल चढत असेल, नाही असं नाही. पण शेतकऱ्याला त्यावर कॅप्सूल सुचवणाऱ्याने आधी पाण्याचं आणि भावाचं बोलावं.

उलट हल्ली त्याला सुचवलं जातं ते अश्वगंधेचं पीक. हलकी जमीन चालते, पाणी कमी लागतं, मग पठारासाठी याहून बरं काय? यातली शेतीची बाजू बरीचशी खरी आहे. पाऊस ओसरताना पेरायचं, पाणी साचू द्यायचं नाही, पाच-सहा महिन्यांनी पानं सुकून फळं लाल झाली की झाड मुळासकट काढायचं. हेक्टरी साधारण ३ ते ५ क्विंटल वाळकी मुळी मिळते. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात हे पीक चांगलं रुजलं, कारण तिथे मंडी आहे, प्रतवारी करणारे हात आहेत आणि मंदसौरला निघालेलं ‘जवाहर असगंध-२०’सारखं वाण आहे. सात सेंटीमीटरपर्यंतचे, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाडीचे, आतून पांढरे शुभ्र आणि कटकन मोडणारे तुकडे पहिल्या प्रतीत जातात. बारीक, पिवळट, काष्ठमय मुळ्यांचा भाव पडतो. अर्क काढणाऱ्याचा हिशेब पुन्हा वेगळा. त्याला जाडीशी नव्हे, विथानोलाइडच्या टक्क्याशी देणं-घेणं असतं, आणि तो टक्का शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही.

सफेद मुसळीच्या लाटेत महाराष्ट्राने ‘हमखास खरेदी’च्या कागदांचं काय होतं ते पाहिलं आहे. म्हणून पठारावर कुणी एकरभर आस्कंद लावायला निघालाच, तर त्याने बियाण्याआधी करार वाचावा. भाव वजनावर की टक्क्यावर, नमुना कोण काढणार, तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत आणि कुणाच्या खर्चाने, माल नापास झाला तर तो परत कोण आणून देणार? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. पेरणीच्या महिनाभर आधी तिथे एक फेरी मारायला हरकत नाही.