गच्चीच्या जिन्यातलं घुबड



दिवाळीच्या साफसफाईत आमच्या इंदूरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, गच्चीच्या जिन्यात घुबड अडकलेलं दिसलं. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा. गव्हाणी घुबड. काचेवर आपटून दमलं होतं बिचारं, आणि कोणी जवळ गेलं की सापासारखं फूस्स करायचं. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते अख्खी मान वळवून बघतं. ते बघणंच लोकांना भीतीदायक वाटतं.

लगेच दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, अपशकुन आहे, काठीने हाकला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, अहो लक्ष्मीचं वाहन, धनतेरसच्या तोंडावर आलंय, हळदकुंकू वाहू आणि एक दिवस ठेवून घेऊ.

खोटं कशाला बोलू, मला वहिनींचं पटलं. यंदा आमच्याकडे पैशाची ओढाताण आहे. पण मग आठवलं, दिवाळीतच घुबडं पकडून अघोरी पूजेसाठी विकतात. १९७२च्या कायद्याने तो गुन्हा आहे, तरी चालतं. आणि ते करणारेही त्याला लक्ष्मीचं वाहनच म्हणतात! म्हणजे सासूबाईंची भीती काय, आमची भक्ती काय, त्या जिवाकडे कोणीच बघत नव्हतं. जो तो आपलं नशीब बघत होता.

वनखात्यात फोन केला. ते म्हणाले, आतले दिवे बंद करा, गच्चीचं दार सताड उघडा आणि सगळे खाली जा, संध्याकाळी आपण होऊन जाईल. एवढंच. आपल्याला सेवा म्हटलं की हात शिवशिवतात. कोणी पाण्याची वाटी आणली, कोणी मोबाईल. सगळ्यांना खाली बसवून ठेवणं हीच त्या दिवशीची मोठी सेवा झाली. (मीही दोनदा डोकावले.)

अंधार पडल्यावर ते गेलं. पंखांचा जरासुद्धा आवाज नाही.

नंतर जिना झाडताना टाकीखालच्या कोनाड्यात काळपट गोळ्या सापडल्या, केस आणि उंदरांची बारीक हाडं असलेल्या. घुबड न पचलेलं असं ओकून टाकतं. भरपूर होत्या. म्हणजे ते कितीतरी दिवस तिथेच राहत होतं, आणि आदल्या दुपारी ते झोपलेलं असताना आम्हीच झरोक्याला बाहेरून जाळी ठोकून घेतली होती. कबुतरं येतात म्हणून.

दिवसभर मी सगळ्यांना सांगत होते की आपण एका जिवाला सोडवलं. ग्रुपवर फोटोही टाकला, किती हात जोडलेले आले! तो मेसेज मी अजून दुरुस्त केलेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

जाळी काढावी तर कबुतरं परत येणार, आणि सासूबाईंना दमा आहे. घुबडापुरता एक कोपरा मोकळा ठेवता येईल का, ते सुताराला विचारलंय. तो हसला. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे.