सारवण

आमच्या घराची भुई मातीची होती. दर आठ दिवसांनी ती सारवावी लागे. सणासुदीला आणि सुतक फिटल्यावर मधेच पुन्हा. आई पाटीभर ताजं शेण आणायची, पाणी घालून हातानं कालवायची, त्यातल्या काड्या वेचायची आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची. हाताचा एक अर्धा गोल, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा. असं मागं मागं सरकत दारातून बाहेर पडायचं. चित्त ठिकाणावर नसलं तर माणूस कोपऱ्यात अडकतो आणि ओल्या भुईवर पाय उमटवत बाहेर येतो. आईचा पाय कधी उमटला नाही.

वडील गेले त्या वर्षी ती रोज सारवू लागली. आजी म्हणाली, "आगं, कालच तर सारवलंस की." आई खाली बघूनच म्हणाली, "हात फिरतोय तवर डोस्कं गप ऱ्हातंय."

हे वाक्य मी पुढं फार मिरवलं. शहरात नोकरीला लागल्यावर ध्यानाच्या वर्गाला जात होतो. श्वासाकडं लक्ष ठेवा, मन भरकटलं तर रागवू नका, हळूच परत आणा, असं तिथं सांगत. मी ऐटीत म्हणायचो, हे आमच्या आईला शेणाच्या पाटीजवळच कळलं होतं.

१९९४ साली घरात शहाबादी फरशी बसली. मी सुट्टीत गेलो आणि हळहळलो. तसं बोलूनही दाखवलं. आई गुडघा चोळत होती. म्हणाली, "तुला काय जातंय म्हणाया? उंबऱ्यावर बसून बघत हुतास. एक दिस तरी पोतेरं हातात घेतलंस का?"

नव्हतं घेतलं.

तिला त्या कामात शांती मिळाली हे खरं, आणि त्याच कामानं तिचे गुडघे गेले हेही खरं. पहिलं सांगताना दुसरं गाळायचा हक्क मला कुणी दिला? जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, अशी आपल्याकडं श्रद्धा आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचं जातं दाखवतात. लहानपणापासून ही गोष्ट मी भक्तीची म्हणून ऐकली. पण त्यातला देव जनीला 'किती तल्लीन होतेस गं' म्हणत उभा राहत नाही. खुंट्याला हात लावतो. काम तिचं निम्मं होतं, मग गाणं.

गोठ्यापुढचा ओटा अजून मातीचाच आहे. आता गावी गेलो की तो मी सारवतो. पहिल्या दिवशी शेण पातळ झालं, पट्टे वाकडे आले, पाठ भरून आली. ध्यानबिन काही लागलं नाही. मधेच कधीतरी मात्र, दहा-बारा हात फिरेपर्यंत, मी कशाचाच विचार करत नव्हतो. तेवढ्यात दारातनं आईचा आवाज आला, "आरं, मागं बघ. कोपऱ्यात घुसलास."

आणि खरंच घुसलो होतो.