आज्ञापालन आणि दुःख

भगवंताच्या आज्ञेप्रमाणे वागणाऱ्यालाच दुःख का भोगावे लागते, हा प्रश्न नास्तिकाचा नव्हे. ज्याला आज्ञाच मान्य नाही, त्याला तिच्या पालनाचे कष्ट कोठून असणार? हा प्रश्न गीतेचा अध्याय वाचल्यावाचून अन्न न घेणाऱ्या गृहस्थाच्याच अंतःकरणात उठतो. लाच नाकारली म्हणून दूरच्या गावी बदली झाली, मुलांच्या शिक्षणाची आबाळ झाली, घरात वृद्ध आई अंथरुणाला खिळलेली. अशा एखाद्या रात्री त्याला वाटते की, मी देवाचे ऐकले, पण देवाने माझे ऐकले नाही. या उद्गाराला पाप म्हणून झिडकारणे सोपे आहे. त्याचा विचार करणे मात्र अवश्य आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन आपला मोह नष्ट झाल्याचे सांगून भगवंताचे वचन पाळण्याचे कबूल करतो. आपण बहुधा तेथे पोथी मिटतो. महाभारत तेथे मिटत नाही. युद्धाच्या तेराव्या दिवशी, अर्जुन दूर संशप्तकांशी झुंजत असता, चक्रव्यूहात अभिमन्यू मारला गेला. तो श्रीकृष्णांचा भाचा होता, आणि श्रीकृष्ण त्या वेळी अर्जुनाचेच सारथ्य करीत होते. अठराव्या दिवसानंतरच्या रात्री द्रौपदीचे पाचही पुत्र निद्रेत मारले गेले. छत्तीसगडात, बोरसी ज्या दुर्ग-भिलाईच्या परिसरात आहे, तो पंडवानीचा प्रदेश. हाती तंबुरा घेऊन तेथील गायक पांडवांची कथा गातात. पार्थाचे सारथ्य करणारा भगवान आणि पार्थाच्या पुत्राचा वध ही दोन्ही त्या श्रोत्यांना एकाच कथेत भेटतात. एक ठेवून दुसरे गाळण्याची सोय तेथे नाही.

महाराष्ट्राने हाच प्रश्न आळंदीच्या एका घरात पाहिला. परंपरेने सांगितलेली विठ्ठलपंतांची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गोदातीरीच्या आपेगावचे विठ्ठलपंत विरक्तीच्या ओढीने पत्नीला आळंदीस सोडून काशीस गेले आणि आपण विवाहित आहोत हे गुरूंपासून लपवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरू तीर्थयात्रेत आळंदीस आले असता रुक्मिणीबाईंनी त्यांना नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि सत्य उघडकीस आले. गुरूंनी शिष्यास आज्ञा केली की, घरी जा आणि संसार कर. विठ्ठलपंत परतले.

आता पाहा, स्वतःच्या इच्छेने ते निघून गेले, पत्नीला एकटी टाकली, गुरूंपाशी सत्य लपवले, तेव्हा लोक त्यांना पूज्य मानत होते. आज्ञा पाळून घरी आले, तेव्हा त्याच लोकांनी त्यांना वाळीत टाकले. लोकांचा मान आणि भगवंताचा मार्ग यांची दिशा एकच असते असे ज्याला वाटते, त्याने या कथेपाशी थोडा वेळ थांबावे. कष्ट आले म्हणजे मार्ग चुकला, हे अनुमान येथे टिकत नाही. आणि पूर्वी मान मिळत होता म्हणून मार्ग बरोबर होता, हेही टिकत नाही.

(कीर्तनांतून विठ्ठलपंतांचे वैराग्य सविस्तर ऐकावयास मिळते, रुक्मिणीबाई एकदोन वाक्यांत आटोपतात. वस्तुतः पती परत येईल की नाही हे माहीत नसता जिने वर्षानुवर्षे अश्वत्थाला प्रदक्षिणा घातल्या, तिची निष्ठा मला अधिक कठीण वाटते. तिला कोणी आज्ञाही केली नव्हती.)

परंतु कथेचा सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. बहिष्काराचे दुःख विठ्ठलपंतांनी एकट्याने भोगले नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार लेकरे त्यात होरपळली. मुलांची मुंज नाकारली गेली. स्वतःचे दुःख ईश्वरार्पण करणे साधकाला जमेल. लेकरांचे दुःख ईश्वरार्पण करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? या प्रश्नाला माझ्यापाशी गोड उत्तर नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, जो खरोखर आज्ञा पाळतो तो घरच्यांच्या अश्रूंना क्षुद्र म्हणत नाही. पत्नीने विचारले की, आता घरभाडे कोठून द्यायचे, तर तिला अश्रद्ध ठरवून जो गप्प बसवतो, तो बहुधा भगवंताचे नव्हे, स्वतःच्या अहंकाराचे ऐकत असतो. निष्ठा आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. निष्ठावंत मात्र रात्री मुलाच्या डोक्याशी बसतो, दुसरे काम शोधतो, लोकांकडे हात पसरावा लागला तरी पसरतो, आणि लाच तेवढी घेत नाही.

शास्त्रीमंडळींनी विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि मुलांना पदरी घेतले जाईल या आशेने त्या दांपत्याने जलात देह टाकला, असे परंपरा सांगते. त्या निर्णयाला भगवदाज्ञा म्हणण्यास मी तयार नाही. घरी जा, संसार कर, ही आज्ञा होती. मरा, हा समाजाचा क्रोध होता. त्याने शास्त्राची भाषा वापरली एवढेच. दुःख सोसताना हा भेद ज्याला राखता येत नाही, तो माणसांच्या निर्दयतेलाही देवाची इच्छा म्हणू लागतो, आणि मग त्याची भक्ती त्याच्यावर अन्याय करणाऱ्यांच्याच उपयोगी पडते.

मुले पोरकी झाली. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणास जावे लागले. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, त्यांतल्या दुसऱ्याने प्रवरेच्या तीरी नेवाशास गीतेवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्याच्या शेवटी तो देवापाशी मागणे मागतो, ते दुष्टांचा नाश व्हावा असे नव्हे, तर त्यांचे दुष्टपण जावे आणि सर्व जीवांचे मैत्र जडावे असे. आळंदीच्या त्या घराविषयी त्यात गाऱ्हाणे नाही. ते मागणे ऐकावयास विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई नव्हत्या.